संशयितांच्या मागे कोण उभे राहणार?

'बांगलादेशी घुसखोर' हा शब्द महाराष्ट्राच्या राजकारणाला नवा नाही. निवडणुका जवळ आल्या की तो बाहेर काढला जातो. पण २०२५ साली हा शब्द नाशिक जिल्ह्यातील तहसील कचेरीपर्यंत येऊन पोहोचला. मालेगावात बांगलादेशी व रोहिंग्यांना जन्माचे दाखले दिले गेल्याचा आरोप झाला, जानेवारीत राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले, मालेगावचे तहसीलदार व नायब तहसीलदार निलंबित झाले. उशिराने जन्मनोंद करण्याचे काम थांबवण्यात आले आणि नंतर त्याचे नियम कडक झाले. पैसे घेऊन खोटा दाखला देणाऱ्या दलालावर कारवाई झालीच पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ज्या गरिबाच्या दारात पोलिस येऊन 'तू इथला कशावरून?' असे विचारतात, त्याच्या कुटुंबामागे कोण उभे राहणार, हा खरा प्रश्न आहे. हा मुसलमानांचा प्रश्न आहे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून आंबेडकरी चळवळीला बाजूला होता येणार नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मे २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने संशयितांची पडताळणी ३० दिवसांत करण्याच्या सूचना राज्यांना दिल्या. जूनमध्ये मुर्शिदाबाद व बर्धमान जिल्ह्यांतून महाराष्ट्रात मजुरीला आलेल्या काही कामगारांना पकडून सीमेवर नेण्यात आले व बांगलादेशात ढकलण्यात आले. पश्चिम बंगालच्या सरकारने कागदपत्रे पुढे केल्यावर त्यांना काही दिवसांतच परत घ्यावे लागले. म्हणजे ते भारतीय होते! त्याच महिन्यात दिल्लीत कचरा वेचून जगणाऱ्या बीरभूमच्या एका कुटुंबालाही असेच सीमेपार करण्यात आले. त्यात एक गरोदर स्त्री होती. तिचे वडील कलकत्ता उच्च न्यायालयात गेले, तिथल्या स्थलांतरित मजूर कल्याण मंडळाने त्यांना साथ दिली. न्यायालयाने सप्टेंबरमध्ये हद्दपारी रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती स्त्री मुलासह मायदेशी परतली. जे परत आले, त्यांच्यासाठी कोणीतरी धावपळ केली होती. ज्यांच्यासाठी धावणारे कोणी नव्हते, त्यांचे काय झाले असेल?

याला एक जुना दाखलाही आहे. जुलै १९९८ मध्ये, राज्यात युतीचे सरकार असताना, मुंबईत पकडलेल्या बंगाली भाषिक जरीकामगारांना पोलिस बंदोबस्तात हावड्याच्या गाडीने नेले जात होते. उलुबेरिया स्टेशनवर लोकांनी गाडी अडवली आणि त्यांना सोडवले. बंगालच्या तत्कालीन सरकारनेही महाराष्ट्राकडे निषेध नोंदवला. गाडी अडवणे हा आपला मार्ग नव्हे, आपला मार्ग संविधानाचा आहे. पण आपल्या माणसाला एकटे सोडायचे नाही, ही त्यामागची भावना मात्र समजून घेतली पाहिजे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात, आपण परके नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी संशयितावरच टाकलेली होती. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला, त्यातही ही जबाबदारी कायम आहे. मात्र आसामच्या एका प्रकरणात जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कोणालाही उचलून 'तू परका असल्याचा संशय आहे' एवढे म्हणणे पुरेसे नाही. अधिकाऱ्याजवळ काही आधार असला पाहिजे आणि तो त्या माणसाला कळवला पाहिजे. शिवाय जो खरोखरच परदेशी आहे, त्यालाही संविधानाने वाऱ्यावर सोडलेले नाही. कलम १४ आणि कलम २१ यांत 'नागरिक' नव्हे, तर 'व्यक्ती' हा शब्द आहे. चकमा निर्वासितांच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. परत पाठवायचे असेल तर कायद्याच्या रीतीने पाठवा, रात्रीच्या अंधारात बंदुकीच्या धाकाने नव्हे.

कागदाचे म्हणाल तर, ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र हाती असल्याने कोणी भारताचा नागरिक ठरत नाही. मग गरिबाने दाखवायचे तरी काय? ज्यांच्या पणजोबांच्या नावे वतने होती, त्यांच्या घरात कागद आहेत. ज्यांच्या पणजोबांना शाळेच्या दारातही उभे केले नाही, त्यांच्या घरात कागद कुठून येणार? हे दुखणे आपल्याला नवीन नाही. जातीच्या दाखल्यासाठी आणि जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधताना आपल्या किती मुलांचे प्रवेश बुडाले! भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात. पालावर, वीटभट्टीवर, उसाच्या फडात जन्मलेल्या लेकराची नोंद कोणी केली होती? उशिराच्या जन्मनोंदीचे दार अरुंद झाले, तर त्यात सर्वात आधी हीच लेकरे अडकणार.

आणि संशय काय करतो, हेही आपण पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी नाशिकशेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने ५ नाथपंथी डवरी गोसावींना ठार मारले. ते याच महाराष्ट्राचे होते, मराठी बोलत होते, तरी परके ठरले! त्याच रात्री मालेगावातही अशाच अफवेने पिसाळलेल्या जमावाने एका परगावच्या कुटुंबाला घेरले होते. तिथे मात्र एका रहिवाशाने त्यांना घरात आश्रय दिला, पोलिसही ठाम राहिले आणि ते कुटुंब वाचले. ज्या मालेगावाकडे आज संशयाने बोट दाखवले जाते, त्याच मालेगावाने हा धडा दिला आहे.

बंगालशी आपले नाते तर त्याहून जुने आहे. १९४६ साली मुंबई प्रांतातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची वाट काँग्रेसने अडवली, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना बंगालमधून संविधान सभेत पाठवले. मंडल ज्या नमोशूद्र समाजाचे होते, तोच समाज फाळणीनंतर निर्वासित झाला. त्यातील कित्येक कुटुंबे आज चंद्रपूर-गडचिरोलीत राहतात. बंगाली बोलणारा प्रत्येक माणूस संशयित ठरवायचा असेल, तर या आपल्या बांधवांनी कुठे जायचे?

म्हणून केवळ निषेधाची पत्रके काढून भागणार नाही. सातपूर, अंबड, नाशिकरोडच्या वस्त्यांत, बांधकामांवर, सराफ बाजारात जे बंगाली मजूर-कारागीर आहेत, त्यांच्याशी कार्यकर्त्यांनी आधीच ओळख ठेवावी. त्यांच्या कागदांच्या प्रती, गावच्या पंचायतीचा व नातेवाइकांचा फोन नंबर वस्तीतील एका विश्वासू माणसाकडे असावा. मूळ कागद मात्र मुकादमाच्या नव्हे, त्यांच्याच ताब्यात असावेत. कोणाला नेले तर कोणत्या ठाण्यात नेले, नोंद झाली का, हे तासाभरात विचारावे. अटकेची खबर नातेवाइकांना मिळण्याचा आणि २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर होण्याचा हक्क आहे. स्त्रियांना, मुलांना आणि कोठडीतील कोणाही व्यक्तीला १९८७ च्या कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. हद्दपारीची भीती असेल तर मुंबई उच्च न्यायालयात तातडीने धाव घ्यावी, कारण माणूस सीमेपार गेल्यावर त्याला परत आणायला महिने लागतात. आणि आईबाप कोठडीत असताना मुलांच्या पोटाची व शाळेची काळजी वस्तीने घ्यावी.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेने १०४ भारतीयांना बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडले. त्यात महाराष्ट्राचेही तिघे होते. त्या बेड्या पाहून देश हळहळला. मग नाशिकच्या बांधकामावर विटा वाहणाऱ्या मजुराला विनाचौकशी सीमेवर ढकलले तर आपल्याला हळहळ वाटू नये काय? काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची परंपरा सांगणाऱ्या नाशिकच्या कार्यकर्त्यांनी याचे उत्तर द्यायचे आहे, आणि ते पोलिस ठाण्याच्या दारात, वेळेवर पोहोचून द्यायचे आहे.