इंजिन जपलं, स्टेशनाचं काय?

स्वातंत्र्यदिन किंवा प्रजासत्ताकदिन जवळ आला, की चेन्नईत अधूनमधून एक गंमत घडते. एग्मोर स्टेशनात एक छोटंसं, जुनाट इंजिन येऊन उभं राहतं. उंच धुराडं, मधोमध दोन भलीमोठी चाकं आणि मागंपुढं लहान चाकं. शिट्टी वाजते, पांढऱ्या वाफेचा लोट उठतो आणि आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन पुढं सरसावतात. कोडंबक्कमपर्यंत, म्हणजे जेमतेम काही किलोमीटर ते धावतं. लोक टाळ्या वाजवतात, फोटो काढतात आणि घरी जातात.

या इंजिनाचं नाव ‘एक्सप्रेस’. ईस्ट इंडियन रेल्वेचं क्रमांक 21चं हे इंजिन 1855 साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात किट्सन, थॉम्प्सन अँड ह्यूइटसन या कारखान्यात तयार झालं. म्हणजे आपली पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी! 1857च्या उठावाच्या आधीचं हे यंत्र आजही स्वतःच्या वाफेवर चालू शकतं, यावर विश्वास बसत नाही.

क्रमांक 22 म्हणजे त्याची सख्खी बहीण, ‘फेअरी क्वीन’. तिचं नाव मात्र अनेकांनी ऐकलेलं असतं. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ठेवलेल्या या राणीची दुरुस्ती चेन्नईच्या पेरांबूर लोको वर्क्समध्ये झाली आणि 18 ऑक्टोबर 1997 रोजी ती प्रवाशांना घेऊन दिल्लीहून अलवारला निघाली. पुढच्याच वर्षी नियमित धावणारं जगातलं सर्वात जुनं वाफेचं इंजिन म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली. 2011 साली पुन्हा मोठी दुरुस्ती निघाली, तेव्हाही तिला पेरांबूरलाच यावं लागलं. जणू माहेरीच!

थोरल्या बहिणीचं नशीब जरा उशिरा उघडलं. 1909च्या सुमारास कामातून काढलेलं ‘एक्सप्रेस’ शंभर वर्षं चौथऱ्यावर शोभेची वस्तू म्हणून उभं होतं. ऊन-पावसानं अनेक भाग गंजले, काही नाहीसेच झाले. पेरांबूरच्या कारागिरांनी ते पुन्हा जुळवलं आणि 15 ऑगस्ट 2010 रोजी चेन्नईत ते धावलं.

इथपर्यंतची कथा आनंदाची. पण वाफेचं इंजिन म्हणजे काही मोटार नव्हे, की किल्ली फिरवली आणि निघाली. गार बॉयलर हळूहळूच तापवावा लागतो. घाई केली, तर पत्रे आणि नळ्या यांच्यावर ताण येतो. त्यामुळं गाडी सुटण्याच्या कितीतरी तास आधी विस्तव पेटवावा लागतो. फायरमनची नजर सतत पाण्याच्या पातळीवर. भट्टीच्या माथ्यावरचं पाणी कमी झालं, तर स्फोटाचा धोका! पाण्यातले क्षार आत साचतात, म्हणून बॉयलर वरचेवर धुवावा लागतो. हे सगळं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण विस्तवाचा रंग पाहून कोळसा कुठं टाकायचा, हे पुस्तक शिकवत नाही. ते शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं.

आणि शिकवणारे हात आता किती उरलेत? ब्रॉडगेजवरच्या वाफेच्या नेहमीच्या गाड्या डिसेंबर 1995 मध्ये बंद झाल्या. त्या वेळी पंचविशीत असलेला फायरमन 2030 मध्ये साठीला पोहोचेल. त्याच्याआधीची पिढी तर केव्हाच घरी बसली.

माणसांबरोबर सोयीही गेल्या. पूर्वी मोठ्या स्टेशनात फलाटाच्या टोकाला हत्तीच्या सोंडेसारखा पाण्याचा नळ असे. राख झाडायला रुळांमध्ये खड्डा असे. इंजिनाचं तोंड फिरवायला गोल फिरता पूल असे. डिझेल आणि वीज आल्यावर यांची गरज संपली. काही मोडून टाकलं, काही गवतात हरवलं. त्यात कुणाची चूक नाही. रेल्वेला रोज लाखो माणसं वाहून न्यायची असतात. पण त्यामुळं आज या इंजिनाची स्थिती, राजवाडा पाडून राजाला मिरवणुकीपुरतं घोड्यावर बसवावं, तशी झाली आहे.

राजवाडा म्हणजे काय, ते पाहायला एग्मोरहून फार लांब जायला नको. चेन्नईच्या उत्तर भागात, बंदराजवळ रॉयपुरम स्टेशन आहे. दक्षिण भारतातली पहिली प्रवासी गाडी 1 जुलै 1856 रोजी इथूनच वालाजा रोडकडे गेली. सुमारे 100 किलोमीटरचा तो प्रवास. बोरीबंदर आणि ठाण्याच्या 1853च्या मूळ इमारती राहिल्या नाहीत, त्यामुळं उंच गोल खांबांची ही इमारत आज देशातली सर्वात जुनी टिकलेली स्टेशनची इमारत मानली जाते.

मराठी माणसाचंही तिच्याशी नातं आहे. पुणे-मिरज-लोंढा हा मार्ग चालवणारी ‘सदर्न मराठा रेल्वे’ 1908 साली मद्रास रेल्वेत विलीन झाली आणि नव्या कंपनीचं नाव पडलं ‘मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे’. 1922 पर्यंत या कंपनीचा मुख्य कारभार रॉयपुरमहून चाले. म्हणजे सांगली-मिरजेकडच्या रेल्वेचे हुकूम तिथून सुटत होते!

पुढं सेंट्रल आणि एग्मोर मोठी झाली, लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडं गेल्या आणि रॉयपुरम मागं पडलं. 2005 साली इमारतीची डागडुजी झाली, रंग लागला. पण आज तिथं थांबतात त्या मुख्यतः लोकल गाड्या. रोज घाईत उतरणाऱ्या किती प्रवाशांना माहीत असेल, की आपण कुठल्या उंबरठ्यावर पाय ठेवतो आहोत?

दक्षिणेतच या प्रश्नाचं उत्तरही सापडतं. मेट्टुपालयमहून उटीला जाणाऱ्या निलगिरीच्या छोट्या गाडीला कुन्नूरच्या घाटात आजही वाफेचं इंजिन लागतं. 2005 साली युनेस्कोनं तिला जागतिक वारशात स्थान दिलं. जुनी स्विस बनावटीची इंजिनं थकली, तेव्हा तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यानं 2011 पासून त्याच धाटणीची नवी इंजिनं बांधली. एकविसाव्या शतकात वाफेचं नवं इंजिन! हे जमलं, कारण तिथली गाडी वर्षातून दोनदा मिरवायला निघत नाही, नेहमी चालते. त्यामुळं शेड लागते, पाणी लागतं, फिटर लागतो आणि फिटरच्या हाताखाली शिकणारा पोरगाही लागतो.

उलट उदाहरण आपल्या विदर्भातलं. मूर्तिजापूर-यवतमाळची ‘शकुंतला’ 1994 पर्यंत मँचेस्टरमध्ये बनलेल्या वाफेच्या इंजिनावर चालली. मग इंजिन गेलं, डिझेल आलं. रुळांची दुरवस्था मात्र सुधारली नाही. अखेर गाडीच थांबली. आता तिथं एखादं इंजिन रंगवून चौथऱ्यावर बसवलं, तरी गावकऱ्यांना त्यातून ‘शकुंतला’ परत मिळेल का?

पेरांबूरच्या कारागिरांनी लोखंडाचा सांगाडा जिवंत करून दाखवला, हे कौतुकाचंच. पण वारसा म्हणजे नुसतं यंत्र नव्हे. ते चालवणारे हात, त्याला पाणी पाजणारं स्टेशन आणि त्याची वाट पाहणारा प्रवासीही त्यात आला. ‘एक्सप्रेस’ पुढच्या वेळी चेन्नईत शिट्टी घालेल, तेव्हा फायरमनच्या शेजारी एखादा विशीतला मुलगा फावडं घेऊन उभा असावा. आणि गाडी कधीतरी रॉयपुरमच्या त्या जुन्या खांबांसमोरूनही सुटावी. शेवटी, दक्षिणेतला पहिला प्रवासी तिथूनच तर निघाला होता!