अनुभव आणि उमेद यांचा सौदा

रत्नागिरी (प्रतिनिधी) : आयपीएलमध्ये नोव्हेंबर २०२५ मध्ये झालेल्या दोन हस्तांतरणांचे धागे कोकणपट्टीच्या दोन टोकांशी जुळलेले आहेत. पालघरचा शार्दूल ठाकूर २ कोटी रुपयांत लखनौकडून मुंबई इंडियन्सकडे आला, तर गोव्याकडून रणजी खेळणारा अर्जुन तेंडुलकर ३० लाखांत मुंबईकडून लखनौला गेला. कागदोपत्री हे व्यवहार स्वतंत्र. परिणाम मात्र अदलाबदलीचाच.

शार्दूलला नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात कोणीच घेतले नव्हते. जायबंदी मोहसीन खानच्या जागी तो लखनौ संघात आला. २०२५ च्या हंगामात पहिल्या दोन सामन्यांत त्याने ६ बळी टिपले. पुढील आठ सामन्यांत मात्र ७ बळींवरच समाधान मानावे लागले. चौतिशीतल्या गोलंदाजाचा हा उतार लखनौला खटकला असल्यास नवल नाही. मुंबईच्या दृष्टीने मात्र वानखेडेची खेळपट्टी कोळून प्यालेला आणि तळाला फटकेबाजी करणारा गडी दोन कोटींत महाग नव्हता.

अर्जुनचे दुखणे वेगळे. २०२१ पासूनच्या पाच हंगामांत मुंबईकडून त्याच्या वाट्याला अवघे पाच सामने आणि ३ बळी आले. सव्विसाव्या वर्षी ‘होतकरू’ हे विशेषण कौतुकाचे कमी आणि काळजीचे अधिक वाटू लागते. संघबदलाने आडनावाचे ओझे उतरत नाही, अंतिम अकरांतील जागाही आपोआप मिळत नाही. डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाचे मोल अखेर त्याच्या हाती सोपविलेल्या षटकांतच ठरते. अशा सौद्याचा नफा-तोटाही रकमेवर नव्हे, तर त्या षटकांवरच मोजायला हवा.