क्वांटममधली पीएच.डी. : सहा हजार कोटींच्या बातमीमागचा घरगुती हिशेब

बेळगाव : खडेबाजारातले एक ओळखीचे दुकानदार परवा भेटले. मुलगा एम.एस्सी. फिजिक्स झालाय, नेटमधून जेआरएफ मिळालीय. आता क्वांटम कम्युनिकेशनमध्ये पीएच.डी. करायला बेंगळुरूला जायचं म्हणतोय. ‘पाच-सहा वर्षं घालवून पुढं काय ओ?’ हा त्यांचा प्रश्न. मी कॉमर्सचा माणूस. फोटॉनचं गणित मला जमत नाही, पण हिशेब मांडता येतो.

आधी विषय समजून घेऊ. ऑनलाईन व्यवहारांची बरीच कुलपं एका गोष्टीवर टिकून आहेत : प्रचंड मोठ्या संख्येचे अवयव पाडणं आजच्या संगणकाला जमत नाही. पुरेसा मोठा क्वांटम संगणक आला तर ते जमेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलं. तसा संगणक अजून झालेला नाही. पण आज चोरून साठवलेली माहिती उद्या उघडता येईल, ही खरी धास्ती आहे.

यावर एक तोड १९८४ पासून माहीत आहे. बेनेट आणि ब्रासार यांनी सुचवलं की कुलपाची किल्ली प्रकाशाच्या एकेका कणातून पाठवायची. मध्ये कुणी डोकावलं तर कणाची अवस्था बिघडते आणि चोरी कळते. लाखेचं सील फुटलेलं पाकीट जसं लगेच ओळखू येतं, तसंच.

आपल्याकडे डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रयागराज ते विंध्याचल अशी शंभर किलोमीटरहून जास्त अंतरावर किल्ली पाठवून दाखवली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने ६,००३ कोटी ६५ लाखांचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. २०३०-३१ पर्यंत दोन हजार किलोमीटरपर्यंत असा सुरक्षित संपर्क उभारायचं उद्दिष्ट आहे.

आता मुलाच्या वाट्याला काय? जानेवारी २०२३ पासूनच्या दराने जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढची तीन वर्षं ४२ हजार. घरभाडं वेगळं. पाच वर्षांची बेरीज बरोबर २४ लाख होते. पण फेलोशिप पाच वर्षांत संपते, पीएच.डी. मात्र बऱ्याचदा संपत नाही. त्यात फेलोशिप महिनोन्महिने थकल्याच्या तक्रारी देशभरातून येत असतात. उधारीवर दुकान चालत नाही, तसं संशोधनही चालत नाही. मिशनच्या कोटींपेक्षा हे पैसे वेळेवर मिळणं संशोधकाला जास्त महत्त्वाचं.

दुसरी जोखीम विषयातलीच आहे. अमेरिकेच्या निस्ट संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम संगणकालाही न फुटणारी म्हणून गणिती कुलपांची तीन मानकं जाहीर केली. ती सॉफ्टवेअर बदलून आहे त्याच यंत्रांवर बसवता येतात. तिथल्या एनएसएचंही मत फोटॉनच्या किल्लीपेक्षा या गणिताकडे झुकतं. बँकांनी हाच स्वस्त रस्ता धरला, तर फोटॉनवाल्या यंत्रांना गिऱ्हाईक कोण? माझ्या मते लष्कर आणि काही मोजकी सरकारी खाती.

मग पाच वर्षं वाया? तसं नाही. हा मुलगा एकेक फोटॉन मोजणारी यंत्रं जुळवायला, लेझर सांभाळायला, प्रोग्राम लिहायला शिकेल. हे हातातलं काम फायबर, उपग्रह, सेन्सर अशा बऱ्याच ठिकाणी चालतं. सोबत नवी गणिती कुलपंही शिकला तर दोन्ही दारं उघडी राहतात. पैज पदवीवर नको, कसबावर लावावी.

दुकानदारांना मी तीन गोष्टी विचारायला सांगितल्या : गाईडचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत, प्रयोगशाळेत यंत्रं चालू स्थितीत आहेत का, आणि सहाव्या वर्षी पगार कोण देणार. चौथी गोष्ट त्यांनीच ओळखली. मिशनची चार केंद्रं बेंगळुरू, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीत आहेत. ‘म्हणजे पोरगा परत गल्ल्यावर बसणार नाही,’ ते म्हणाले. आणि थोडं थांबून, ‘बसू पण नये.’