संसाराचा हिशेब : यंत्र स्वस्त, शाई महाग



दहावी-बारावीचे निकाल लागले की पलूस, भिलवडी, कुंडल या आपल्या भागातल्या झेरॉक्सच्या दुकानांपुढे रांगा लागतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, आधार कार्ड, सगळ्याच्या प्रती हव्या असतात. शिष्यवृत्तीचा अर्ज आता महाडीबीटीवर भरायचा. पण भरलेल्या अर्जाची छापील प्रत कागदपत्रांसह कॉलेजात द्यावी लागतेच. शिवाय धाकट्याचे शाळेचे प्रोजेक्ट असते, मधलीच्या स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नपत्रिका असतात. मग रात्री जेवताना विषय निघतो, ‘रोज रोज दुकानात जाण्यापेक्षा घरीच एक प्रिंटर घेऊन टाकू. हप्त्यावर मिळतो म्हणे.’

विचार वाईट नाही. मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा काढण्याची आपल्या घरांना सवय आहे. पण द्राक्षबागेतली रोजंदारी असो की एमआयडीसीतला पगार, तो पैसा घामाचा आहे. म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी वही-पेन्सिल घेऊन बसावे, असे आम्ही सुचवतो.

छापील अक्षराला काय किंमत पडते हे आपल्या चळवळीइतके कोणाला ठाऊक असणार? बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढले तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ निघाले. बाबासाहेब रात्र रात्र जागून स्वतः त्याचे रकाने लिहीत. तरी पैशाअभावी ते १९२९ साली बंद पडले. त्याच काळात आपल्या पलूसशेजारच्या किर्लोस्करवाडीतून ‘किर्लोस्कर’ आणि पुढे १९३० पासून ‘स्त्री’ ही मासिके निघत होती. त्यांच्या पाठीशी कारखाना होता, आपल्या पत्रांच्या पाठीशी फाटक्या खिशाचे वाचक होते. पत्र काढायला पैसे एकदाच लागतात, पण चालवायला दर अंकाला लागतात. घरच्या प्रिंटरचेही तसेच आहे. तो घ्यायला एकदाच पैसे लागतात. चालवायला मात्र दर पानाला लागतात.

तीन जाती यंत्रांच्या

बाजारात घरगुती वापराचे प्रिंटर ढोबळमानाने तीन प्रकारचे मिळतात.

पहिला कार्ट्रिजचा. हा सर्वांत स्वस्त. शाई छोट्या डबीत भरलेली असते, ती संपली की डबीच बदलायची. कंपन्या यंत्र कमी किमतीला देतात आणि कमाई शाईवर करतात, हे या धंद्याचे उघड गुपित आहे. उदाहरणार्थ, एचपीच्या ६८० क्रमांकाच्या काळ्या कार्ट्रिजमधून सुमारे ४८० पाने आणि रंगीतमधून सुमारे १५० पाने निघतात, असे कंपनीच सांगते.

दुसरा टाकीचा. यात शाईच्या छोट्या टाक्या असतात आणि बाटलीतून शाई ओतायची असते. एप्सन कंपनीने असे प्रिंटर २०१० साली प्रथम इंडोनेशियात आणले. आज कॅनन, एचपी, ब्रदर यांचेही मिळतात. यंत्र महाग, पण शाई फार स्वस्त पडते. एप्सनच्या ००३ क्रमांकाच्या ६५ मिलिलिटरच्या काळ्या बाटलीत सुमारे साडेचार हजार पाने होतात.

तिसरा लेझरचा. यात ओली शाई नसते, टोनर म्हणजे कोरडी पूड असते. झेरॉक्सच्या दुकानांत वर्षानुवर्षे चाललेल्या एचपीच्या १२ए टोनरवर सुमारे दोन हजार पाने निघतात. परवडणारे लेझर प्रिंटर फक्त काळे छापतात. मात्र पूड वाळत नाही. यंत्र चार महिने बंद राहिले तरी पहिले पान स्वच्छ येते.

पानांचे हे आकडे ठरावीक नमुन्याच्या, मोजक्या मजकुराच्या पानांवरून काढलेले असतात. पानभर फोटो किंवा गडद रंगाचे पोस्टर काढले तर शाई कितीतरी पटींनी जास्त जाते. टाकीच्या नव्या यंत्रात पहिल्यांदा ओतलेली काही शाई नळ्या भरण्यात जाते, म्हणून पहिल्या बाटल्या लवकर संपल्या तर घाबरू नये.

आता हिशेब

खाली धरलेल्या किमती समजुतीसाठी आहेत. आपल्या दुकानातला भाव विचारून त्या जागी घालाव्या.

समजा काळे कार्ट्रिज ९६० रुपयांना मिळाले आणि त्यात ४८० पाने झाली, तर पानाला २ रुपये शाई. कागदाचे ५०० पानांचे रीम ३०० रुपयांना धरले तर पानाला ६० पैसे कागद. एकूण २ रुपये ६० पैसे. दुकानात एका प्रिंटला ५ रुपये घेतात असे धरले तर घरचे स्वस्तच वाटते. पण येथेच माणूस फसतो. ज्या घरात महिन्याला १५ पाने लागतात, तेथे ४८० पाने संपायला बत्तीस महिने लागतील. शाई तोवर थांबत नाही. आपल्याकडचा एप्रिल-मेचा उन्हाळा आणि महिनोन्महिने बंद पडलेले यंत्र! शंभर पाने निघाली आणि कार्ट्रिज वाळले, तर पान २ रुपयांना नाही, ९ रुपये ६० पैशांना पडले. त्यापेक्षा दुकान बरे.

टाकीच्या प्रिंटरचे पाहू. यंत्र १२,००० रुपयांचे धरू. शाई आणि कागद मिळून काळे पान ७५ पैशांना पडते असे धरू. दुकानाच्या तुलनेत दर पानामागे सव्वाचार रुपये वाचले. यंत्राचे पैसे वसूल व्हायला सुमारे २,८२५ पाने काढावी लागतील. महिन्याला ४० पाने लागणाऱ्या घराला याला जवळजवळ सहा वर्षे लागतात. महिन्याला २०० पाने लागत असतील तर चौदा-पंधरा महिन्यांत काम होते.

तेव्हा ‘कोणता प्रिंटर चांगला’ हा प्रश्न नंतरचा. ‘आपल्या घराला महिन्याला पाने किती लागतात’ हा पहिला. भगिनींनो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन महिने नुसते आकडे लिहा. आज दुकानात किती प्रती काढल्या, काळ्या किती, रंगीत किती. तीन महिन्यांनी कॅलेंडरच उत्तर देईल. महिन्याला वीस-पंचवीस पाने होत असतील तर प्रिंटर घेऊ नका; हप्त्यावर तर मुळीच घेऊ नका. व्याज आणि वाळलेली शाई दोन्ही आपल्याच पदरात पडतात.

पाच घरे, एक यंत्र

एका घराला जे परवडत नाही ते वस्तीला परवडते. बचत गटाने, महिला मंडळाने किंवा विहार समितीने मिळून टाकीचा एक प्रिंटर घ्यावा, असे आमचे सांगणे आहे. पाच घरांनी प्रत्येकी २,४०० रुपये काढले की १२,००० होतात. महिन्याला चाळीस पानांची पाच घरे म्हणजे दोनशे पाने. पानाला ५ ऐवजी २ रुपये घ्यावे. ७५ पैसे शाई-कागदाचे, उरलेला सव्वा रुपया दुरुस्ती फंडात. महिन्याला २५० रुपये, वर्षाला ३,००० रुपये साठले, तर चार वर्षांत नव्या यंत्राची सोय झाली. यंत्र रोज चालत राहिले की शाईही वाळत नाही.

हे करताना तीन गोष्टी कराव्या. यंत्राची जबाबदारी एकाच माणसावर द्यावी. सगळ्यांचे ते कोणाचेच नाही, असे होऊ नये. प्रत्येक पानाची नोंद वहीत करावी आणि महिन्याला वही सर्वांसमोर वाचावी. दुसऱ्याचे आधार कार्ड, दाखला, बँकेचे पासबुक छापून झाल्यावर ती फाइल मोबाइल-संगणकातून तेथेच पुसून टाकावी. ज्या घराची खरोखर अडचण आहे त्या मुलाचा शिष्यवृत्तीचा किंवा स्वाधार योजनेचा अर्ज फंडातून फुकट छापून द्यावा. दोन-चार रुपयांपायी शेवटची तारीख चुकली तर वर्षाचे हजारो रुपये जातात.

घेताना विचारा

घरात संगणक नसेल, फक्त मोबाइल असेल, तर वायफाय असलेलाच प्रिंटर घ्यावा. नुसत्या वायरच्या यंत्राचा उपयोग होणार नाही. झेरॉक्स आणि स्कॅन करणारे यंत्र थोडे महाग असते, पण आपल्या घरांना प्रिंटइतकीच झेरॉक्सही लागते, म्हणून तेच घ्यावे. सर्व्हिस सेंटर सांगलीत आहे की आणखी लांब, शाईच्या बाटल्या पलूसला मिळतात का, हे आधी विचारावे. हमी कधीकधी ‘एक वर्ष किंवा इतकी पाने, यांपैकी जे आधी होईल ते’ अशी असते; ती अट वाचावी आणि पक्के बिल घ्यावे. काही यंत्रे दुसऱ्या कंपनीचे कार्ट्रिज स्वीकारतच नाहीत, तेही विचारून घ्यावे. लेझर घेतला तर तो घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर लावू नये. तापताना तो बरीच वीज ओढतो.

शाई वाचवण्याचे उपाय

प्रिंटर त्याच्या बटनानेच बंद करावा, भिंतीवरचा स्विच नंतर. बटनाने बंद केला की शाईचे तोंड झाकले जाते. एकदम वीज तोडली तर ते उघडे राहून वाळते. शाईच्या प्रिंटरवर आठवड्याला सर्व रंग असलेले एक छोटे पान काढावे. रेघा उमटू लागल्या तर सफाईचे बटन दोन-तीनदाच दाबावे. दर सफाईला शाई खर्ची पडते. तरी जमले नाही तर यंत्र रात्रभर तसेच ठेवून सकाळी पुन्हा पाहावे.

घरच्या वाचनासाठी ‘ड्राफ्ट’ आणि काळ्या रंगाची निवड करावी. अभ्यासाच्या नोट्स एका बाजूवर दोन पाने आणि कागदाच्या दोन्ही बाजूंना छापाव्या. कागद चौथाईवर येतो. मराठी मजकूर दुसरीकडे छापायला नेताना पीडीएफ करूनच न्यावा, नाहीतर फॉन्ट बदलून अक्षरांऐवजी चिन्हेच छापली जातात आणि पाने वाया जातात.

जाडजूड पुस्तके घरी छापू नयेत. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे यांचे खंड महाराष्ट्र शासन १९७९ पासून सवलतीच्या दरात काढत आले आहे. शेकडो पानांचा खंड घरी छापून सुटी पाने सांभाळण्यापेक्षा मूळ खंडच घ्यावा. दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला गेल्यावर मिठाईआधी पुस्तकांच्या स्टॉलवर जावे.

शेवटी एक गोष्ट कृष्णाकाठच्या घरांसाठी. २०१९ च्या महापुरात आपल्या तालुक्याने काय सोसले ते ब्रह्मनाळचे नाव घेतले तरी आठवते. बऱ्याच प्रिंटरांची, विशेषतः रंगीत, शाई पाण्याने पसरते. लेझरचे अक्षर सहसा पसरत नाही. महत्त्वाच्या कागदाची प्रत लेझरवर काढून प्लास्टिकच्या पिशवीत उंचावर ठेवावी. घरातला प्रत्येक दाखला एकदा स्कॅन करून ठेवावा आणि जे दाखले डिजिलॉकरमध्ये मिळतात ते तेथेही घ्यावे. कागद भिजला तरी दाखला हातचा जाता कामा नये. तो मिळवायला आपल्या आई-बापांनी कचेऱ्यांचे किती उंबरे झिजवले, ते मुलांना माहीत नसले तरी आपल्याला माहीत आहे.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात हा विषय काढा. पाच घरे तयार होतात का, ते पाहा. झाली तर यंत्र घ्या. नाही झाली तर कॅलेंडरवर आकडे लिहीत राहा आणि दुकानात जा, त्यात कमीपणा नाही. फुकट घालवलेल्या शाईपेक्षा वाचवलेल्या पैशातून घेतलेले एक पुस्तक मुलाच्या अधिक कामाचे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!