टॉप फाइव्ह मागू नका

आमच्या टीममधला एकजण तीन महिन्यांसाठी तोक्योला चाललाय. परवा त्याचा मेसेज: "तू ते स्पिट्झ का काय ऐकतोस ना, त्यांची पॉप्युलर पाच गाणी पाठव. फ्लाइटमध्ये ऐकतो." मी म्हटलं, नाही पाठवत. त्याला वाटलं मी भाव खातोय. भाव वगैरे काही नाही हो, माझा या "पॉप्युलर पाच" प्रकारावरच राग आहे, आणि आज शनिवार असल्यामुळे तो सविस्तर काढायला वेळ आहे.

तशीही ती पाच गाणी काढून द्यायला माझी गरज नाही. कुठल्याही ॲपवर बॅंडचं नाव टाका, वरतीच येतील. 'रॉबिन्सन', 'चेरी', 'सोरा मो तोबेरु हाझु', 'काएदे' आणि असंच एखादं पाचवं. आपण या धंद्यातले लोक, ही यादी कशी बनते हे आपल्याला तरी कळायला हवं. प्ले काउंट उतरत्या क्रमाने लावायचा, पहिली पाच उचलायची, पानाच्या डोक्यावर ठेवायची. डोक्यावर आहेत म्हणून लोक तीच दाबतात, लोक दाबतात म्हणून ती डोक्यावर राहतात. प्रॉडक्शनमध्ये असा लूप सापडला तर आपण बग म्हणून नोंदवू. गाण्यांच्या बाबतीत मात्र त्याला आपण "लोकांची आवड" म्हणतो!

बरं, लोकांची आवड तरी कशी बनते ते बघा. 'सोरा मो तोबेरु हाझु' हे गाणं आलं एप्रिल १९९४ मध्ये. फारसं कुणी विचारलं नाही. जानेवारी १९९६ मध्ये फुजी टीव्हीवर 'हाकुसेन नागाशी' नावाची शाळकरी पोरांची मालिका सुरू झाली, तिचं शीर्षकगीत म्हणून हे जुनं गाणं घेतलं, आणि ते थेट एक नंबरला गेलं. गाणं तेच, आवाज तोच, एक सूर बदललेला नाही. मग ही लोकप्रियता नेमकी कशाची, गाण्याची की मालिकेच्या वेळेची? आणि समजा मालिकावाल्यांनी दुसरंच गाणं उचललं असतं, तर आज यादीत हे नसतं आणि माझ्या मित्राने ते कधीच ऐकलं नसतं.

उलटंही आहे. एप्रिल १९९५ चं 'रॉबिन्सन' ओरिकॉनच्या साप्ताहिक यादीत चौथ्याच्या वर कधी गेलं नाही, पण मुक्काम ठोकून बसलं आणि सोळा लाखांच्या आसपास खपलं. (नावाची गंमत म्हणजे गाण्यात रॉबिन्सन हा शब्दच नाही. गायक आणि गीतकार कुसानो मासामुने थायलंडला फिरायला गेला होता, तिथलं रॉबिन्सन हे डिपार्टमेंट स्टोअर त्याच्या लक्षात राहिलं, कामचलाऊ नाव म्हणून दिलं आणि तेच राहिलं. व्हेरिएबलला टेंप नाव द्यावं आणि ते तसंच रिलीजला जावं, तसं.)

आता मुख्य मुद्दा. बॅंडने स्वतःच या प्रकाराला नाही म्हटलं होतं. स्पिट्झ १९८७ पासूनचे. चौघेजण, आजवर एकही बदललेला नाही. सुरुवातीला पंक वाजवायचे. १९९१ मध्ये पहिलं सिंगल आणि पहिला अल्बम आला, पुढची काही वर्षं विक्रीच्या नावाने बोंब. १९९३ चा 'क्रिस्पी!' हा अल्बम तर विकला जावा म्हणून मुद्दाम गोड केलेला, तोही आपटला. मग १९९५-९६ मध्ये नशीब फिरलं. "हिट गाण्यांचा अल्बम कधी?" याला त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: बॅंड फुटेल तेव्हा.

डिसेंबर १९९९ मध्ये रेकॉर्ड कंपनीने 'रीसायकल' या नावाने हिट गाण्यांचा अल्बम काढला. बॅंडची संमती नसताना. तेरा गाणी, आणि पहिली सहा सिंगल्स त्यातून गायब, कारण ती चालली नव्हती. वीस लाखांहून जास्त प्रती खपल्या. त्याच १९९९ सालच्या मार्चमध्ये बॅंडने स्वतः काय काढलं होतं माहितेय? 'काचोफुगेत्सु', म्हणजे सिंगल्सच्या मागच्या बाजूला पडून राहिलेल्या आणि अल्बमात न आलेल्या गाण्यांचा संग्रह! एकाच वर्षात दोन संग्रह. एक म्हणतो हे तुम्ही ऐकलं नाहीत, ऐका. दुसरा म्हणतो हे तुम्ही ऐकलंय, पुन्हा विकत घ्या.

बॅंडने 'रीसायकल'ला कधी आपलं मानलं नाही. २००६ मध्ये त्यांनी 'सायकल हिट' नावाचे दोन अल्बम काढले, त्यात तोवरची सगळी सिंगल्स, आली त्या क्रमाने, पडलेली सहासुद्धा. 'रीसायकल'चं उत्पादन बंद झालं. मला हा प्रकार फार आवडतो. पूर्ण लॉग द्या, मधल्या कमिट्स उडवू नका. 'रॉबिन्सन' हे अकरावं सिंगल होतं. त्याआधीची दहा पुसून टाकलीत तर ते आभाळातून पडल्यासारखं वाटतं.

यावर ठरलेला आक्षेप येतो: अरे, नवख्या माणसाला कुठून तरी सुरुवात नको का? हवी की. 'चेरी'वरून कुणी आत आला तर माझी काही हरकत नाही, आणि बॅंडही काही सोवळ्यातला नाही. २०२३ मध्ये 'डिटेक्टिव्ह कोनान'च्या सिनेमासाठी त्यांनी 'उत्सुकुशी हिरे' दिलं आणि ते दणकून चाललं. गाणं गाजण्याचं दुःख कुणालाच नसतं. पण यादीवरून आत येणारे किती जण पुढे सरकतात? माझ्या ओळखीतले तरी नाही. पाच ऐकतात, "छान आहे, जरा गोड गोड आहे" म्हणतात आणि पुढच्या बॅंडचे पाच लावतात.

"गोड गोड"वर तर माझं डोकंच फिरतं. कुसानोने पूर्वी मुलाखतीत सांगितलं होतं की त्याच्या गाण्यांचे विषय दोनच, सेक्स आणि मृत्यू. 'सोरा मो तोबेरु हाझु' जपानी शाळांत निरोपसमारंभाला कोरसमध्ये म्हणतात, आणि त्या गाण्यात एक लपवलेला चाकू आहे. आवाज कोवळा आणि चाल सोपी, म्हणून पटकन कळत नाही. पण पाच-सहा सलग अल्बम ऐकलेत की त्या गोडव्याच्या खाली काय चाललंय ते हळूहळू लक्षात येतं आणि मग 'चेरी'सुद्धा वेगळं ऐकू येतं. हे पाच गाण्यांत होत नाही. होऊच शकत नाही.

अजून एक. '८८२३' नावाचं त्यांचं गाणं आहे. जपानीत आकड्यांचे उच्चार जोडून शब्द करायची खोड असते, त्या हिशोबाने ८-८-२-३ म्हणजे हा-या-बु-सा, म्हणजे बहिरी ससाणा. २००० च्या 'हायाबुसा' अल्बममधलं. 'रीसायकल'नंतरचा हा पहिला अल्बम आणि यात गिटारी चांगल्याच करवादल्यात, राग आला होता की काय कोण जाणे :-) हे गाणं सिंगल म्हणून कधी आलं नाही. पण कॉन्सर्टमध्ये ते वर्षानुवर्षं वाजतंय आणि लोक त्यासाठी वेडे होतात. तिकीट काढून समोर उभे राहणाऱ्यांची आवड आणि बसमध्ये अर्धं लक्ष देऊन ऐकणाऱ्यांची आवड वेगळी असते, पण काउंटरमध्ये दोन्ही एकच.

तर मित्राला मी पाच गाण्यांऐवजी एक नाव पाठवलं: 'हाचिमित्सु', म्हणजे मध, सप्टेंबर १९९५. अकरा गाणी आहेत, तोक्योची फ्लाइट त्याहून खूप मोठी असते. शफल बंद कर म्हटलं. सहावं गाणं 'तोंगारी ९५', तोंगारी म्हणजे टोकदार, आणि जर्मनमध्ये स्पिट्झचा अर्थही तोच. मग 'आजिसाई दोरी', हायड्रेंजियाच्या फुलांचा रस्ता. त्यानंतर आठव्या नंबरला 'रॉबिन्सन' येईल.