उधारी बुडते, कारण आपण एकेकटे आहोत

मालेगावचा एखादा विणकर दलालाच्या भरवशावर परगावच्या व्यापाऱ्याला उधारीवर कापड देतो. साठ दिवसांचा वायदा असतो. साठाचे नव्वद होतात, नव्वदाचे दीडशे होतात आणि एके दिवशी पेढीला कुलूप दिसते. विणकराला मात्र सुताचे पैसे चुकवावेच लागतात. विजेचे बिल थांबत नाही, कामगारांची आठवड्याची मजुरी थांबत नाही. अखेर माग बंद पडतो. पुढे तोच व्यापारी नव्या नावाने भिवंडीत किंवा इचलकरंजीत उभा राहतो आणि तेथील कारखानदारही त्याच विश्वासाने त्याला माल देतो. मालेगावला जे ठाऊक असते, ते भिवंडीला ठाऊक नसते. आपल्या छोट्या उद्योगांचे खरे दुखणे येथे आहे.

भांडवल नाही, ही आपली नेहमीची तक्रार. ती खोटी नाही. परंतु मदीनेत हजरत साद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली अर्धी मालमत्ता देऊ केली, तेव्हा निर्वासित होऊन आलेल्या हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी ती घेतली नाही. त्यांनी फक्त बाजाराचा रस्ता विचारला. तूप आणि पनीर विकून ते पायावर उभे राहिले. बंधुभावाचा अर्थ केवळ मदत देणे नव्हे, तर बाजाराची माहिती देणे हाही आहे. आज आपण आपल्या भावाला बाजाराचा रस्ता दाखवतो काय?

कायदा आपल्या बाजूने आहे, हेही अनेकांना माहीत नसते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने ४५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. पैसे अडकले तर राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. हे संरक्षण माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसत्या खरेदी-विक्रीला नाही. त्यासाठी लागणारी ‘उद्यम’ नोंदणी विनाशुल्क होते. उशिराच्या रकमेवर कायदा व्याजही लावतो. त्या व्याजाचे काय करावे, हे आलिमांना विचारावे, पण त्या संकोचापायी घामाचे मुद्दल का सोडावे?

तरीही एकटा कारागीर तक्रार करत नाही. गिऱ्हाईक तुटेल, दलाल नाराज होईल, पुढची ऑर्डर जाईल, ही त्याला भीती असते. ही भीती संघटनेनेच जाते. म्हणून प्रत्येक गावच्या कारागिरांनी आणि व्यापाऱ्यांनी आपले मंडळ करावे आणि ही मंडळे राज्यभर एकमेकांशी जोडावीत. सुरुवातीला कामे तीनच असावीत. कोण पैसे वेळेवर देतो आणि कोण बुडवतो, याची माहिती एकमेकांना द्यावी. सूत, चामडे, लाकूड असा कच्चा माल एकत्र खरेदी करावा. आणि बिल, चलन, नोंदणी व तक्रारीचे कागद तयार करून देणारा एक जाणता माणूस ठेवावा.

एकजुटीचा फायदा मिरजेने पाहिला आहे. तेथील सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. असे मानांकन एकट्या कारागिराच्या नावावर मिळत नाही. त्यासाठी उत्पादकांची संस्था पुढे यावी लागते.

यात दोन पथ्ये पाळावीत. पहिले, लेखी पुराव्याशिवाय आणि समोरच्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय कोणालाही बुडवा ठरवू नये. नाहीतर मंडळ सूड उगवण्याचा अड्डा होईल. दुसरे, दार सर्वांना उघडे ठेवावे. इचलकरंजीच्या बिगरमुस्लिम यंत्रमागधारकाची उधारी अडकते, तेव्हा त्याचे दुःख आपल्यापेक्षा निराळे नसते.

आणि एक कटू गोष्ट. बुडवणारे सगळे परकेच असतात असे नाही. आपल्यातलेच काही व्यापारी कारागिराला महिनोन् महिने फेऱ्या मारायला लावतात आणि जुम्याला पहिल्या सफेत बसतात. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी देण्याची प्रेषितांची (स.) ताकीद त्यांनाही आहे. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत नमाजविषयी नाही, रोजाविषयी नाही, तर उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. आणि आपण मात्र लाखाचा माल तोंडी शब्दावर देतो आणि त्यालाच विश्वास म्हणतो!

मोठ्या परिषदा, हार-तुरे आणि अध्यक्षपदाची भांडणे आपण पुष्कळ पाहिली. यावेळी सुरुवात एका वहीने करू या. या जुम्याच्या नमाजनंतर आपल्या मोहल्ल्यातील दहा कारागीर एकत्र बसवा आणि कोणाचे पैसे कोठे, किती दिवसांपासून अडकले आहेत ते लिहून काढा. मग शेजारच्या गावातही अशीच वही सुरू करायला सांगा. या वह्या एकमेकांना भेटल्या की राज्यव्यापी संघटना आपोआप उभी राहील. अल्लाह आपल्याला व्यवहारात सचोटीची आणि एकजुटीची तौफीक देवो.