परत वर गेलेले विमान

मागच्या दिवाळीनंतर आम्ही दोघे नागपूरहून विमानाने मुलीकडे पुण्याला गेलो. खालची घरे स्पष्ट दिसू लागली, आता चाके टेकणार, एवढ्यात इंजिने गरजली आणि विमान पुन्हा आभाळात! सौ.ने माझा हात घट्ट धरला. "अवो, हे काहून परत वर चाल्लं?" मागचे गृहस्थ म्हणाले, "पायलट नवशिका दिसतो." थोड्या वेळाने सुखरूप उतरलो, पण लोकांची कुरकुर सामान मिळेपर्यंत चालू होती.

मोझरीला परतल्यावरही ती कुरकुर डोक्यातून जाईना. विमान फार वेगात किंवा फार उंचावरून येत असेल, तर उतरणे सोडून वर जायचे, याला 'गो-अराउंड' म्हणतात. हा कमीपणा नव्हे. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार, उतरताना घडी नीट बसली नसतानाही शंभरात जेमतेम तीनच वेळा वैमानिक वर जातात. बाकीचे 'जमेल' म्हणून उतरतात. बहुतेकदा जमतेही, आणि धोका तिथेच आहे.

७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला जमले नाही. कॅप्टन दीपक साठे आपल्या नागपूरच्या घरातले, हवाई दलात नावाजलेले. भर पावसात पहिल्यांदा ते स्वतःच वर गेले होते. दुसऱ्यांदा मात्र विमान जवळपास निम्मी धावपट्टी मागे टाकून टेकले. टेकता टेकता सहवैमानिकाने 'गो-अराउंड' म्हटले होते, असे चौकशी अहवाल सांगतो. दोघा वैमानिकांसह २१ माणसे गेली. त्याआधी २२ मे २०१० ला मंगळुरूलाही सहवैमानिकाने पुन्हा पुन्हा बजावले होते. वर जायचा प्रयत्न झाला तो चाके टेकल्यावर, फार उशिरा. १५८ जण गेले.

त्या अनुभवी माणसांना नावे ठेवणारा मी कोण? एकदा फळ्यावर गणित सोडवताना एक मुलगा म्हणाला, "सर, तिसरी ओळ चुकली." मी दरडावले, "खाली बस!" गणित शेवटपर्यंत रेटले आणि उत्तर चुकले. माझ्या हट्टाने खडूच वाया गेला. विमानात माणसे जातात.

म्हणून मला वाटते, दोघांपैकी कोणीही 'वर चला' म्हटले की वरच जावे. वाद खाली उतरल्यावर घालावा. आणि आपण प्रवाशांनी अशा वैमानिकाला नावे ठेवू नयेत. उशीर झाला म्हणून आपणच कुरकुरलो, तर पुढच्या वेळी त्याच्याही मनात 'जमेल' येईल.

त्या दिवशी उतरताना मी दाराशी 'धन्यवाद' म्हणायला हवे होते. राहूनच गेले.